शंका-समाधान : कॉम्पॅक्ट करताना थंडरबर्ड का अडतं?

या वेळच्या पत्रांत थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमच्या फोल्डर-सफाईचे, म्हणजे 'कॉम्पॅक्ट'चे, प्रश्न इतके आले की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. आवृत्तीनुसार मेन्यूंची नावं थोडी इकडेतिकडे सापडतील. मेन्यूची पट्टीच दिसत नसेल तर ऑल्ट की दाबा.

प्रश्न : इनबॉक्समध्ये जेमतेम चारशे मेल उरलेत, ट्रॅशही रिकामा केलाय. तरी इनबॉक्सची फाइल 6 जीबी दिसते. कॉम्पॅक्ट करायला गेलं की 'फोल्डरमध्ये लिहिता आलं नाही, डिस्कवर जागा आणि लिहिण्याची परवानगी आहे का ते तपासा' असा संदेश येतो. सी ड्राइव्हवर 3 जीबी मोकळे आहेत.
— करसल्लागार, सांगली

उत्तर : थंडरबर्ड नेहमीच्या पद्धतीत एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक मजकूर-फाइलमध्ये एकाखाली एक लिहितं. मेल डिलीट केला की त्याची प्रत ट्रॅशच्या फाइलमध्ये जाते आणि इनबॉक्सच्या फाइलमध्ये मूळ मेलवर फक्त काट मारली जाते. मजकूर तिथेच राहतो, जोडलेल्या पीडीएफसकट. (10 एमबीची जोडणी मेलमध्ये साडेतेरा एमबीच्या आसपास जागा खाते, हेही हिशेबात धरा.) कॉम्पॅक्ट म्हणजे काट न मारलेले मेल नव्या वहीत उतरवून घेणं आणि मग जुनी वही फेकणं. ते उतरवणं पुरं होईपर्यंत दोन्ही वह्या डिस्कवर असतात. म्हणून मूळ फाइलएवढी जागा मोकळी हवी. तुमच्याकडे 6 जीबी आणि वर थोडी हवी, 3 नाही.

आधी प्रोफाइलची, म्हणजे तुमचे मेल आणि सेटिंग्ज असलेल्या फोल्डरची, प्रत काढा. हेल्प मेन्यूतल्या 'मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' पानावर 'प्रोफाइल फोल्डर'समोर 'ओपन फोल्डर' बटण आहे. फोल्डर उघडल्यावर थंडरबर्ड बंद करा आणि ते अख्खं प्रोफाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग त्याच प्रोफाइलमधल्या 'मेल' फोल्डरात 'एनएसटीएमपी' नावाच्या फाइली आहेत का पाहा. अर्धवट राहिलेल्या कॉम्पॅक्टची ही उष्टी ताटं. कधी ती थंडरबर्डच्या डाव्या यादीत अनोळखी फोल्डर म्हणूनही दिसतात. इनबॉक्सची फाइल पूर्वीएवढीच मोठी असेल आणि मेल उघडत असतील तर त्या पुसायला हरकत नाही. इनबॉक्स अचानक लहान झाला असेल तर मात्र हात लावू नका, तुमचे मेल त्यातच असण्याची शक्यता आहे.

जागा करूनही तोच संदेश आला तर दोन संशयित उरतात. अँटिव्हायरस ती फाइल तपासायला धरून बसतो. प्रोफाइलचा फोल्डर त्याच्या अपवादांच्या यादीत टाका. आणि प्रोफाइल वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरात ठेवलं असेल तर ते तिथून हलवाच. 6 जीबीची फाइल बदलत असताना ती वर चढवण्याचा प्रयत्न चालू राहिला तर भांडण होणारच.

प्रश्न : 'दुसरं काम चालू असल्यामुळे फोल्डर कॉम्पॅक्ट करता आला नाही, नंतर प्रयत्न करा' असं आठवडाभर येतंय. नंतर म्हणजे कधी?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : दुसरं काम कोणतं हे 'टूल्स'मधल्या 'अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजर'मध्ये बऱ्याचदा दिसतं: मेल उतरवणं, फिल्टर चालणं किंवा शोधासाठीची अनुक्रमणी. 'फाइल' मेन्यूतून 'ऑफलाइन', मग 'वर्क ऑफलाइन' निवडा, दोन-चार मिनिटं थांबा. सगळे फोल्डर एकदम कॉम्पॅक्ट करण्याऐवजी एकाच फोल्डरवर उजवी क्लिक करून 'कॉम्पॅक्ट' म्हणा. तरी अडलं तर थंडरबर्ड बंद करा आणि टास्क मॅनेजरमध्ये ते खरंच बंद झालंय का पाहा. खिडकी मिटली तरी प्रक्रिया मागे रेंगाळलेली असते. मग हेल्पमधून 'ट्रबलशूट मोड'मध्ये सुरू करून पुन्हा प्रयत्न करा. तिथे चाललं तर दोष एखाद्या अ‍ॅड-ऑनचा (थंडरबर्डला वरून जोडलेल्या पुरवणीचा).

प्रश्न : कॉम्पॅक्ट चालू असताना वीज गेली. आता एका मेलवर क्लिक केलं की दुसऱ्याचाच मजकूर उघडतो, काही मेल कोरे दिसतात.
— छापखाना, इचलकरंजी

उत्तर : प्रत्येक फोल्डरच्या मेल-फाइलशेजारी त्याच नावाची, शेवटी 'डॉट एमएसएफ' असलेली छोटी फाइल असते. ती अनुक्रमणिका: कोणता मेल कितव्या जागेपासून सुरू होतो याची नोंद. तुमची वही बदलली, अनुक्रमणिका जुनीच राहिली. फोल्डरवर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'रिपेअर फोल्डर'. यात अनुक्रमणिका मूळ फाइल वाचून नव्याने लिहिली जाते. मोठ्या फोल्डरला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात कंटाळून खिडकी बंद करू नका. बटणाने भागलं नाही तर थंडरबर्ड बंद करून ती एमएसएफ फाइल हाताने पुसा. पुन्हा उघडल्यावर नवी तयार होते. पुसताना नाव दोनदा वाचा. शेवटी काहीच न लागलेली 'इनबॉक्स' ही फाइल म्हणजे तुमचे मेल. 'पॉपस्टेट' फाइललाही हात नको. कोणते मेल सर्व्हरवरून उतरवून झालेत याची नोंद तिच्यात असते, आणि ती गेली तर सर्व्हरवरचे सगळे मेल दुसऱ्यांदा उतरतात.

दुरुस्तीनंतरही मेल कोरेच राहिले तर मजकूर फाइलमध्येच उरलेला नाही. तिथे बॅकअपशिवाय उपाय नाही.

प्रश्न : सोसायटीच्या ऑडिटचा मेल चुकून डिलीट झाला आणि ट्रॅशही रिकामा केला. पॉप खातं आहे (मेल संगणकावर उतरवून घेणारं), सर्व्हरवर प्रत नाही. परत मिळेल का?
— सचिव, गृहनिर्माण संस्था, ठाणे

उत्तर : इनबॉक्स त्यानंतर कॉम्पॅक्ट झाला नसेल तर बहुधा मिळेल. थंडरबर्ड आत्ताच बंद करा, कारण स्वयंचलित कॉम्पॅक्ट कधीही सुरू होऊ शकतं. इनबॉक्सची फाइल कॉपी करा, प्रतीला 'जुनापत्र' असं नवं नाव रोमन अक्षरांत द्या, शेवटी काही जोडू नका. ही प्रत नोटपॅड प्लस प्लससारख्या संपादकात उघडा; साधं नोटपॅड एवढ्या फाइलीपुढे धापा टाकतं. मेलचा विषय किंवा पाठवणाऱ्याचा पत्ता शोधा. त्या मेलच्या अगदी सुरुवातीला 'एक्स-मोझिला-स्टेटस' अशी ओळ दिसेल आणि तिच्यापुढे चार अंक. वाचलेल्या मेलला 0001 असतं. डिलीटची खूण म्हणजे 8, म्हणून वाचून डिलीट केलेल्या मेलला 0009. ते 0001 करा. उत्तर दिलेल्या मेलची खूण 2 असल्यामुळे तिथे 000बी दिसेल (हा बी रोमन). त्याचं 0003 करा. शेजारी जवळपास याच नावाची, शेवटी '2' असलेली ओळ असते, तिच्यात बदल नको. एन्कोडिंग न बदलता सेव्ह करा.

ही फाइल प्रोफाइलमध्ये 'मेल'च्या आतल्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये टाका आणि थंडरबर्ड उघडा. डावीकडे नवा फोल्डर दिसेल. त्यातून हवा तो मेल इनबॉक्समध्ये ओढा आणि तो फोल्डर काढून टाका.

स्वयंचलित कॉम्पॅक्टची मर्यादा 'सेटिंग्ज'मध्ये 'जनरल'च्या तळाशी, डिस्कच्या जागेच्या भागात बदलता येते. आमचं मत विचाराल तर कार्यालयाच्या खात्याला ते बंद ठेवावं आणि महिन्यातून एकदा, बॅकअप घेऊन, हाताने कॉम्पॅक्ट करावं.

प्रश्न : प्रोफाइल पेन ड्राइव्हवर आहे. त्यात 20 जीबी मोकळे असूनही इनबॉक्स भरल्याचा संदेश येतो.
— वाचक, मडगाव

उत्तर : पेन ड्राइव्ह फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. तिथे एक फाइल 4 जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही, बाकी कितीही मोकळं असो. सगळं दुसरीकडे कॉपी करून तो एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा आणि प्रोफाइल परत ठेवा. त्यानंतरही एवढा मोठा इनबॉक्स सांभाळत बसू नका: जुने मेल निवडून 'ए' की दाबलीत की ते अर्काइव्हमध्ये, नेहमीच्या मांडणीत वर्षावार, जातात. हजारो मेल एकदम नको, पाचशे-पाचशेच्या तुकड्यांत हलवा आणि शेवटी इनबॉक्स कॉम्पॅक्ट करा, नाहीतर हलवलेले मेल दोन्हीकडे जागा अडवतील.

प्रश्न : थंडरबर्डमध्ये कॉम्पॅक्ट केलं, तरी जीमेलचे 15 जीबी भरलेलेच का?
— वाचक, पुणे

उत्तर : कॉम्पॅक्टने तुमच्या संगणकावरच्या फाइली आटतात, ती 15 जीबी गुगलकडची. ड्राइव्ह आणि फोटोही त्याच 15 मधून खातात, तेव्हा आधी दोषी मेलच आहे का पाहा. मेलच असेल तर थंडरबर्डच्या खाते-सेटिंगमध्ये डिलीट केलेला मेल जीमेलच्या ट्रॅशमध्येच जातोय ना ते तपासा. नुसतं लेबल निघालं तर मेल 'ऑल मेल'मध्ये तसाच राहतो. ट्रॅशमधले मेल 30 दिवसांनी आपोआप जातात; जागा आजच हवी असेल तर ब्राउझरमधून जीमेल उघडून ट्रॅश रिकामा करा.