हॉल अँड ओट्स: गाजण्याआधीच्या तीन रेकॉर्ड्स

'मॅनईटर', 'प्रायव्हेट आइज' वगैरे ऐंशीच्या दशकातली गाणी तोंडपाठ आहेत, पण हॉल अँड ओट्स या अमेरिकन जोडीचं त्याआधीचं काम ऐकावं का, असं तुम्ही विचारलंय. ती सुरुवातीची नुसती चाचपणी होती, असंही तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. मला हे अजिबात पटत नाही. जरूर ऐका, आणि थेट १९७३ च्या 'अबॅन्डन्ड लंचनेट' या अल्बमपासून सुरुवात करा.

आधी थोडी पार्श्वभूमी. डॅरिल हॉल आणि जॉन ओट्स दोघेही फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातले. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीसाठी त्यांनी तीन अल्बम केले: 'होल ओट्स' (१९७२), 'अबॅन्डन्ड लंचनेट' (१९७३) आणि 'वॉर बेबीज' (१९७४). त्या वेळी तिन्ही फारसे चालले नाहीत. अटलांटिकशी संबंध संपला, ते आरसीए या दुसऱ्या कंपनीकडे गेले, आणि १९७६ मध्ये त्यांचं 'सारा स्माइल' हे गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचलं. बहुतेक लोक त्यांचा इतिहास तिथूनच मोजतात. त्यात मोठं नुकसान होतं ते ओट्सचं.

ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांत हॉल पुढे, आणि ओट्स गिटार घेऊन मागे साथीला. नव्या श्रोत्याला वाटतं की हा माणूस नावापुरताच आहे. आता 'अबॅन्डन्ड लंचनेट'ची पहिली बाजू लावा. पाच गाण्यांपैकी तीन गाण्यांत ओट्सचा आवाज पुढे आहे, आणि एक दोघांनी वाटून घेतलंय. त्याचा आवाज हॉलपेक्षा खालचा, थोडा जाडसर, बोलल्यासारखा. 'हॅड आय नोन यू बेटर देन'मध्ये तो जवळ बसून गातोय असं वाटतं. हॉलच्या आवाजात चमक आहे, ती इथे नाही आणि इथे तिची गरजही नाही.

'लास वेगस टर्नअराउंड' मुद्दाम ऐका. हे ओट्सचं गाणं. विमानात काम करणाऱ्या एका मुलीशी न्यूयॉर्कमध्ये ओळख झाली, त्यातून ते सुचलं. ती मुलगी म्हणजे सारा ॲलन. पुढे ती बरीच वर्षं हॉलची जोडीदार होती, आणि 'सारा स्माइल' तिच्यावरच आहे. म्हणजे ज्या गाण्याने ही जोडी गाजली, त्यातली नायिका तीन वर्षं आधी दुसऱ्याच्या गाण्यात येऊन गेली होती.

'शीज गॉन' तुम्ही ऐकलं असेल, पण बहुधा छोटं केलेलं. अल्बमवरचं पाच मिनिटांहून मोठं आहे, तेच ऐका. नव्या वर्षाच्या आदल्या रात्री भेटायचं ठरलेली मुलगी आली नाही, म्हणून ओट्सने ध्रुवपद केलं. हॉलचं लग्न त्याच सुमारास मोडत होतं, त्याने कडवी लिहिली. सुरुवातीला दोघं तीच चाल एका सप्तकाच्या अंतराने गातात, ओट्स खाली आणि हॉल वर. एकाच दुःखाला दोन आवाज, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला झाकत नाही. शेवटाकडे पट्टी अर्ध्या-अर्ध्या सुराने चढत जाते, मागून व्हायोलिनांचा ताफा आणि ब्रास वर येतात, आणि तोवर संयमाने गाणारा हॉल मोकळा सुटतो. हेडफोन लावून ऐका, पट्टी बदलते ती प्रत्येक जागा अंगावर येते.

१९७४ मध्ये हे गाणं त्याच यादीत साठाव्या क्रमांकावर अडकलं. त्याच वर्षी टव्हारेस या बँडने ते गायलं आणि ते सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावपूर्ण संगीताच्या यादीत पहिलं आलं! 'सारा स्माइल' चालल्यावर अटलांटिकने १९७६ मध्ये मूळ रेकॉर्ड पुन्हा बाजारात आणली, तेव्हा कुठे ती सातव्या क्रमांकावर गेली. गाण्यात कमतरता कधीच नव्हती.

याचं बरंच श्रेय निर्माता आरिफ मार्डिनचं. जन्म इस्तंबूलचा, जॅझमध्ये मुरलेला, सोल गायिका अरीथा फ्रँकलिनबरोबर काम केलेला. आपल्याकडच्यांना तो वेगळ्या कारणाने जवळचा वाटेल: पंडित रविशंकरांची मुलगी नोरा जोन्स हिचा २००२ चा पहिला अल्बमही त्याच्याच हातून झाला. दोन्हीकडे त्याची शिस्त तीच आहे. गायकाभोवती मोकळी जागा ठेवायची आणि वाद्यं गरजेपुरतीच आणायची. 'व्हेन द मॉर्निंग कम्स'मध्ये मँडोलिन आणि सोलचा ठेका शेजारी-शेजारी नांदतात ते यामुळेच.

दुसरी बाजू जास्त हॉलची. तिच्यावरचं शीर्षकगीत म्हणजे एका ओस पडलेल्या खाण्याच्या जागेत बसलेलं म्हातारं जोडपं आणि त्यांचं निघून गेलेलं आयुष्य. कव्हरवर फोटो आहे तो खराच बंद पडलेला रोझडेल डायनर, हॉलच्या पॉट्सटाउन गावाजवळचा. विशीतल्या माणसाने म्हातारपणावर इतकं समजून लिहावं, याचं मला अजून नवल वाटतं.

त्यानंतर 'होल ओट्स'कडे जा. तोही मार्डिनचाच, पण बिचकत केलेला. पियानो आणि अकूस्टिक गिटार जास्त, लोकसंगीताकडे झुकलेला. सगळा अल्बम सारखा नाही. 'फॉल इन फिलाडेल्फिया' मात्र चुकवू नका. शहराला कंटाळलेल्या, पण त्यातून पाय न निघणाऱ्या माणसाचं ते गाणं आहे.

'वॉर बेबीज' शेवटी ठेवा. निर्माता टॉड रंडग्रेन, खरखरीत गिटार, सिंथेसायझर, विस्कटलेल्या चाली. 'शीज गॉन'नंतर लगेच लावलात तर चिडाल. हॉल अँड ओट्स म्हणून नव्हे, १९७४ च्या न्यूयॉर्कचा एक अस्वस्थ रॉक अल्बम म्हणून ऐका. 'इज इट अ स्टार' आणि 'यू आर मच टू सून' या दोन गाण्यांपासून आत शिरता येतं.

एक काळजी घ्या. अटलांटिकच्या आधी केलेली कच्ची रेकॉर्डिंग्ज 'पास्ट टाइम्स बिहाइंड' आणि अशाच इतर नावांनी पुन्हा-पुन्हा निघत आली आहेत. कव्हरवर दोघांचे फोटो असतात, त्यामुळे नेहमीचा अल्बम समजून लोक घेतात. हे तीन अल्बम नीट ऐकून झाल्याशिवाय त्यांच्यावर पैसे घालू नका.