बेळगाव परिसरात मित्र आणि पाळीव कुत्र्यांसह डोंगरात मुक्कामाची भटकंती कशी आखावी?

चार मित्र, दोन पाळीव कुत्री, पाठीवर सॅक आणि दोन रात्रींचा मुक्काम असा आपला बेत आहे, आणि त्यासाठी खानापूर तालुक्यातील भीमगडचे जंगल कसे राहील, असे आपण विचारले आहे. कुत्री सोबत असतील तर भीमगडचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा, असे मी स्पष्टपणे सांगेन. त्याऐवजी बेळगावच्या पश्चिमेला, सीमेपलीकडे चंदगड तालुक्यात ज्या किल्ल्यांवर आजही वस्ती आहे, त्यांच्या आसऱ्याने चालावे. मी स्वतः मित्रांसह आणि कुत्र्यांसह याच भागात फिरत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तेथे वन खात्याच्या परवानगीशिवाय आपल्यालाच प्रवेश नाही, मग कुत्र्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र हा नियम केवळ कागदावरचा अडथळा नाही. त्या जंगलात रानकुत्र्यांचे, म्हणजे कोळसुंद्यांचे, कळप आहेत, आणि पाळीव कुत्र्यांचे डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज यांसारखे रोग त्यांना सहज जडतात. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांतील काहींमध्ये डिस्टेंपरचाच विषाणू सापडला होता. आपला कुत्रा धडधाकट दिसत असला, तरी त्याच्या विष्ठेतून रोग मागे राहू शकतो. बारापेडे गुहांतील दुर्मिळ वटवाघळांमुळे भीमगडचे नाव जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. असे जंगल आपल्या हौसेसाठी धोक्यात घालणे मला तरी मान्य नाही.

पहिल्यांदाच जात असाल, तर एखाद्या रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडावर कुत्र्यांना घेऊन सकाळी चढून या. गडावर गाडीरस्ता जातो, त्यामुळे कोणी थकल्यास परतणे सोपे असते, आणि सॅक घेतलेली माणसे व दोरीला बांधलेली कुत्री एका चालीने चालू शकतात की नाही, हे तेथेच कळते. त्यानंतर शिनोळीमार्गे देवरवाडीला जाऊन, वैजनाथाच्या डोंगरावरून महिपाळगडाकडे जाणारी वाट धरावी. महिपाळगडावर गावच वसलेले असल्याने पाणी मिळते, अडीअडचणीला माणसे असतात, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूने उतरता येते. अंगात बळ असेल आणि कुत्री सरावलेली असतील, तर पुढच्या खेपेला कलानिधीगड किंवा पारगड पाहावा. पारगडावरही वस्ती आहे, पण त्याच्या खाली तिलारीचे दाट जंगल पसरलेले असून त्या पट्ट्यातील काही वनक्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित झालेले आहे. म्हणून कोणत्या वाटेने कुत्रे नेलेले चालेल, हे चंदगडच्या वन कार्यालयात आधी विचारल्याशिवाय निघू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत कुत्रा दोरीवरच असला पाहिजे, मग तो कितीही शहाणा आणि हाकेला ओ देणारा असो. चंदगड, आजरा, दोडामार्ग या भागांत गेल्या वीसहून अधिक वर्षांपासून कर्नाटकातून आलेल्या रानहत्तींचा वावर आहे, आणि गवे तर सकाळ-संध्याकाळ शेतांच्या कडेलाच चरताना दिसतात. मोकळा कुत्रा अशा जनावरावर भुंकत धावून जातो, जनावर उलटले की घाबरतो, आणि सरळ धन्याच्या पायांकडे पळत येतो. त्याच्यामागून हत्ती, गवा किंवा अस्वल आपल्यापर्यंत पोहोचते. कुत्रा आपले रक्षण करील ही समजूत पश्चिम घाटाच्या रानात अगदी उलटी ठरते. एकदा आमच्यासमोर वाटेच्या वळणावर एक मोठा गवा उभा होता. मित्राच्या कुत्र्याने गुरगुरायला सुरुवात केली, पण दोरी आखूड धरलेली असल्याने त्याला मागे घेत, आवाज न करता, आम्ही हळूहळू वळणाआड सरकू शकलो. दोरी नसती तर त्या अरुंद वाटेवर आम्हाला बाजूला व्हायलाही जागा नव्हती.

दोरीची आणखीही कारणे आहेत, आणि शहरातून येणाऱ्यांना ती सहसा ठाऊक नसतात. डुकरांसाठी झुडपांत तारेचे फासे लावलेले असतात, आणि काही ठिकाणी खाण्याच्या गोळ्यात लपवलेले गावठी बॉम्बही ठेवले जातात. वासावर गेलेल्या कुत्र्याने तो गोळा चावला तर तो वाचत नाही. शेताच्या कुंपणात चोरून वीज सोडलेली असते. जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, फुरसे हा विषारी साप दडलेला असतो, आणि कुत्रा नाक खुपसून हुंगत असल्याने दंश बहुधा तोंडावरच होतो. आपल्याकडे मुधोळ जातीचा कुत्रा असेल तर दुप्पट सावध राहावे. आपल्या शेजारच्याच बागलकोट जिल्ह्यातली ही देखणी, वेगवान जात मोकळ्या माळावर नजरेने शिकार हेरण्यासाठी घडलेली आहे, त्यामुळे ससा दिसताच हा कुत्रा क्षणात दिसेनासा होतो, आणि त्याच्या पातळ कातडीला करवंदीच्या जाळ्या ओरबाडून काढतात. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून बांधायचा हार्नेस वापरावा. उतारावर ओढ बसली तरी गळा आवळत नाही.

रात्री कुत्रा बाहेर बांधून ठेवू नये. बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य असते, आणि तो त्यासाठी गावाच्या अंगणापर्यंत येतो. कुत्र्याला तंबूतच आपल्याजवळ झोपवावे. त्यामुळे मित्रांपैकी कोणाला कुत्र्याजवळ झोपायचा संकोच असेल, तर हे घरीच बोलून घ्यावे. माझ्या मते प्रत्येक कुत्र्यामागे दोन जाणती माणसे हवीत, म्हणजे एकाचे हात थकले तर दुसरा दोरी धरू शकतो. आणि कुत्रा लंगडू लागला तर सर्वांनी मिळून परतायचे, हेही आधीच ठरलेले असावे, कारण डोंगरात पोहोचल्यावर शिखरापासून थोड्या अंतरावर हा वाद घालणे फार कठीण जाते.

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. म्हणून सकाळी लवकर चालावे आणि ऊन चढले की सावलीत थांबावे. तापलेल्या सड्यावर पंजे भाजतात. वीस किलोच्या कुत्र्याला घरी बसून दिवसाला साधारण एक लिटर पाणी लागते, चालताना त्याच्या दुप्पट तरी धरावे. धाप थांबत नसेल, लाळ घट्ट झाली असेल आणि पाय लटपटत असतील, तर ताबडतोब पोट, काखा आणि पंजे पाण्याने भिजवून वारा घालावा. खाणे नेहमीचेच द्यावे. आपल्या पिठल्यातला कांदा-लसूण, मनुका, चॉकलेट हे सारे कुत्र्याला विषासमान आहे. निघण्यापूर्वी रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसी पूर्ण झालेल्या असाव्यात.

गावात शिरताना गावातली आणि गवळी-धनगर वाड्यांवरची राखणीची कुत्री अंगावर येतात, ते त्यांचे कामच आहे. अशा वेळी आपल्या कुत्र्याला उचलू नये किंवा त्या कुत्र्यांना दगड मारू नयेत, दूर थांबून, "मामा, कुत्री जरा धरता काय?" अशी हाक द्यावी. या भागातली माणसे मनाने मोठी आहेत, लगेच कोणीतरी पुढे येते. कोंबड्या, वासरे आणि देवळाचे आवार यांपासून कुत्रा लांब ठेवावा, आणि विहिरीवर त्याला थेट तोंड लावू न देता पाणी वाटीत काढून पाजावे. विष्ठा वाटेपासून व पाण्यापासून दूर खोल पुरावी.

शेवटी गोचिडांविषयी. पश्चिम घाटातला माकडताप, जो १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला, गेल्या दशकात गोव्याच्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात पोहोचला, म्हणजे आपल्या घाटाच्या अगदी खाली. तो गोचिडीतून माणसात येतो, आणि त्याचा हंगाम नेमका आपल्या भटकंतीच्या महिन्यांत सुरू होतो. कुत्र्याच्या केसांतून गोचिडी तंबूत येतात, म्हणून पशुवैद्याने दिलेले गोचीडनाशक निघण्यापूर्वीच लावावे आणि रोज संध्याकाळी कान, काखा, बोटांमधल्या फटी तपासाव्यात. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वन किंवा आरोग्य खात्याला कळवावे. परतल्यावर आठ-दहा दिवसांत कोणाला जोराचा ताप आणि डोकेदुखी सुरू झाली, तर आपण जंगलात राहून आलो आहोत हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. आणि कुत्रा खाणे सोडून मलूल पडला, हिरड्या फिक्या पडल्या, तर त्यालाही त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.