के५६२ पेशींमध्ये बीटा-ग्लोबिनचा बँड दिसतोय, तर कोणती अँटिबॉडी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की के५६२ पेशींना हेमिन (हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त हीमचं एक रूप) देऊन चार-पाच दिवस वाढवता आणि मग वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) बीटा-ग्लोबिनची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका साखळीची, अँटिबॉडी लावता. १६ किलोडाल्टनच्या आसपास ठसठशीत बँड येतो, ३० च्या जवळ आणखी एक फिकट येतो, आणि गाइड विचारतात, "हा बीटाच कशावरून?" नवी अँटिबॉडी घ्यायची तर कोणती, असं तुमचं म्हणणं आहे.

गाइडचा प्रश्न रास्त आहे. तो बँड बहुधा बीटाचा नाहीच, कारण के५६२ पेशी बीटा-ग्लोबिन जवळजवळ बनवत नाहीत. या पेशी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया झालेल्या एका ५३ वर्षांच्या बाईंच्या छातीतल्या पाण्यातून वाढवलेल्या, १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या. रुग्ण प्रौढ होत्या, पण पेशींमधली ग्लोबिनची जनुकं मात्र भ्रूणावस्थेतल्यासारखी चालू आहेत. हेमिन दिलं की त्या गॅमा, एप्सिलॉन, झीटा आणि अल्फा या साखळ्या बनवतात. म्हणजे तुमच्या लेनमध्ये (जेलच्या उभ्या पट्टीत) हिमोग्लोबिन खरंच वाढलेलं असेल, प्रयोग फुकट गेलेला नाही. फक्त बँडवर लावलेलं नाव चुकलंय.

हे इतक्या ठामपणे सांगतेय, कारण पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी नेमकं हेच केलं. कुणीतरी अर्धी वापरून ठेवलेली सशाची पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण असलेली) अँटिबॉडी फ्रीजरमध्ये होती, नळीवर फक्त "बीटा" लिहिलेलं. तीन वेळा तोच सुंदर बँड आला. मी लॅब मीटिंगमध्ये तो बीटा म्हणून दाखवला आणि त्यावर पुढचे चार महिने काम केलं. मग एका सीनियरने त्याच लायसेटमधल्या (फोडलेल्या पेशींच्या द्रावातल्या) साखळ्या रिव्हर्स फेज एचपीएलसीवर, म्हणजे रेणू वेगळे करणाऱ्या यंत्रावर, वेगळ्या करून दाखवल्या. बीटाच्या जागी काहीही नव्हतं, गॅमाची शिखरं मात्र स्पष्ट होती. त्या चार महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं, आणि म्हणूनच हे उत्तर जरा लांबणार आहे.

अँटिबॉडीला नाव कळत नाही, तिला प्रथिनाचा एक छोटासा तुकडा कळतो. बीटाच्या घरातल्या साखळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत. अकराव्या गुणसूत्रावर एप्सिलॉन, दोन गॅमा, डेल्टा, बीटा अशा त्या ओळीने बसलेल्या असतात आणि गर्भ वाढतो तशा साधारण त्याच क्रमाने चालू होतात. बीटा आणि गॅमा दोन्ही १४६ अमिनो आम्लांच्या, त्यांच्यात फरक ३९ ठिकाणी. बीटा आणि डेल्टात तर फक्त १० ठिकाणी. २८ ते ४२ हा पंधरा अमिनो आम्लांचा पट्टा बीटा, डेल्टा, गॅमा, एप्सिलॉन या सगळ्यांत अक्षरशः एकच आहे. तुमची अँटिबॉडी त्या पट्ट्याविरुद्ध बनवलेली असेल, तर ती चौघींनाही धरणार.

सुरुवातीचा भाग याच्या उलट. बीटाची सुरुवात व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन अशी होते, गॅमाची ग्लायसिन, हिस्टिडिन, फेनिलअॅलॅनिन अशी. इथे बनवलेली अँटिबॉडी गॅमा सोडून देऊ शकते, पण डेल्टाला सोडणार नाही, कारण पहिली आठ अमिनो आम्लं बीटा आणि डेल्टात सारखीच आहेत. दवाखान्यातल्या मधुमेहाच्या एचबीए१सी तपासणीवरून हे छान समजतं. तिच्या अँटिबॉडी-पद्धतीत बीटा साखळीचं साखर चिकटलेलं टोक ओळखलं जातं. ज्याच्या रक्तात फीटल (गर्भातलं, गॅमा साखळीचं) हिमोग्लोबिन खूप आहे त्याचा आकडा त्या पद्धतीत खोटाच कमी येऊ शकतो, कारण गॅमाचं टोक त्या अँटिबॉडीला दिसतच नाही आणि एकूण हिमोग्लोबिनमध्ये मात्र ते मोजलं जातं.

म्हणून डेटाशीटवर पहिली नजर "इम्युनोजेन" या ओळीवर टाका, म्हणजे अँटिबॉडी कशाविरुद्ध बनवली त्यावर. कोणता पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा), कितवं ते कितवं अमिनो आम्ल, ते पाहा आणि युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसवरून बीटा, डेल्टा, गॅमा, एप्सिलॉनचे क्रम घेऊन एकाखाली एक मांडा. दहा मिनिटांचं काम आहे. मोजताना एक काळजी घ्या. डेटाबेसमध्ये पहिलं मिथिओनिन धरलेलं असतं, जुन्या पुस्तकांत नसतं. सिकल सेलचा तो प्रसिद्ध बदल कुठे सहावा तर कुठे सातवा लिहिलेला दिसतो तो यामुळेच. इम्युनोजेनच्या ओळीत "माणसाच्या रक्तातून शुद्ध केलेलं हिमोग्लोबिन" एवढंच असेल आणि अँटिबॉडी पॉलिक्लोनल असेल, तर ती अल्फासकट सगळं ओळखणार. ती वाईट नव्हे, तिचं काम वेगळं. डाग माणसाच्या रक्ताचा आहे का, शौचातून रक्त जातंय का, अशा तपासण्यांना तसलीच उपयोगी पडते. शौचाच्या जुन्या गुआयॅक चाचणीत खाल्लेल्या मटणातलं रक्तही फसवायचं, माणसाच्या ग्लोबिनच्या अँटिबॉडीमुळे ती अडचण गेली. पण साखळ्या वेगळ्या ओळखायच्या असतील तर ती तुमच्या कामाची नाही.

अल्फाची अँटिबॉडी घ्याल तेव्हा "एचबीए१ साठी खास" असं काही शोधू नका. एचबीए१ आणि एचबीए२ ही अल्फाची जनुकं दोन असली तरी त्यांचं प्रथिन तंतोतंत एकच. तसंच दोन गॅमांमध्ये फरक एकाच जागी, १३६ व्या ठिकाणी, ग्लायसिन की अॅलॅनिन एवढाच. तो फरक वस्तुमानमापकाला १४ डाल्टनचा दिसतो. ब्लॉटवर तो शोधायला जाऊ नका.

आता मुख्य मुद्दा. नवी अँटिबॉडी मागवण्याआधी दोन नळ्या रक्त मिळवा, एक निरोगी प्रौढ माणसाचं आणि एक प्रसूतीनंतर नाळेतून घेतलेलं. संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी आणि देणाऱ्यांची लेखी संमती घ्या, आणि माणसाचं रक्त हाताळायचे सुरक्षेचे नियम पाळा. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज याच आठवड्यात टाका. अँटिबॉडीची याहून स्वस्त आणि चोख परीक्षा मला माहीत नाही.

प्रौढ रक्तात बहुतेक सगळं हिमोग्लोबिन ए (बीटा साखळीचं), दोन ते साडेतीन टक्के ए२ (डेल्टाचं), आणि फीटल एका टक्क्याहून कमी. नाळेच्या रक्तात फीटल साधारण ६० ते ८० टक्के, उरलेलं बहुतेक ए. त्यामुळे गॅमाची अँटिबॉडी खरी असेल तर नाळेच्या लेनमध्ये गडद आणि प्रौढाच्या लेनमध्ये जवळपास काही नाही असं दिसायला हवं. बीटाची खरी असेल तर नाळेच्या लेनमधला बँड प्रौढाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका यावा. दोन्ही सारखेच आले तर ती गॅमाही धरतेय हे उघड झालं. शेजारी तुमचं के५६२ लायसेट ठेवा. बीटासाठी तीच तुमची निगेटिव्ह लेन.

पण इथे बहुतेक जण एका जागी अडखळतात. रक्ताच्या १ मायक्रोलिटरमध्ये सुमारे १३० ते १५० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन असतं. नेहमीच्या लायसेटसारखं २० मायक्रोग्रॅम लेनमध्ये घातलंत, तर प्रौढ रक्तातसुद्धा एक टक्क्याच्या हिशेबाने २०० नॅनोग्रॅमपर्यंत फीटल हिमोग्लोबिन जाईल आणि गॅमाचा बँड आनंदाने चमकेल. मग तुम्ही चांगल्या अँटिबॉडीला वाईट ठरवाल. तांबड्या पेशी सलाइनने तीनदा धुवा, पाण्यात फोडा, हजारपट पातळ करा आणि लेनमध्ये ५० ते २०० नॅनोग्रॅम एवढंच घाला. ५०, १००, २०० अशा तीन पायऱ्या केल्यात तर सिग्नल प्रमाणात वाढतोय की आधीच भरून गेलाय हेही कळेल.

तुमच्या प्रयोगात आणखी एक सापळा आहे, हेमिनचा. हीम स्वतः पेरॉक्सिडेज या एंझाइमसारखं वागतं. बेंझिडिनने हिमोग्लोबिनवाल्या पेशी निळ्या होतात त्या याच गुणामुळे. आपल्या दुसऱ्या अँटिबॉडीला (पहिलीला चिकटून बँड दाखवणारी) जोडलेलं एचआरपीही पेरॉक्सिडेजच, त्यामुळे ईसीएल हे उजेड पाडणारं रसायन टाकल्यावर आलेला उजेड अँटिबॉडीचा की हीमचा हे डोळ्यांना कळत नाही. नीट उकळून केलेल्या एसडीएस जेलमध्ये हीम बरंचसं सुटून जातं, कारण ते ग्लोबिनला सहसंयुज बंधाने बांधलेलं नसतं. पण डॉट ब्लॉटमध्ये, एलायझात किंवा नमुना कमी उकळला असेल तर ते पक्कं फसवतं, आणि तुम्ही तर पेशींना वरून हेमिन पाजताय. एकच पट्टी वेगळी कापा, तिला कोणतीही अँटिबॉडी न लावता थेट ईसीएल टाका. त्यावर उजेड दिसला तर तो हीमचा. दुसऱ्या पट्टीला फक्त दुसरी अँटिबॉडी लावा. या दोन पट्ट्यांशिवाय मी आता हिमोग्लोबिनचा कोणताही ब्लॉट पाहत नाही. लॅबमध्ये निअर-इन्फ्रारेड स्कॅनर असेल तर एचआरपी सोडून फ्लुओरेसंट दुसरी अँटिबॉडी वापरा, हा प्रश्नच मिटतो.

माध्यमातल्या गाईच्या सीरममध्येही गाईचं थोडं हिमोग्लोबिन असतं. पेलेट (तळाशी बसलेला पेशींचा गोळा) तीनदा धुवा आणि एका लेनमध्ये नुसतं माध्यम चालवा.

३० जवळचा फिकट बँड पुष्कळदा न सुटलेल्या जोडीचा असतो. ताजं मर्कॅप्टोइथेनॉल किंवा डीटीटी (साखळ्यांमधले गंधकाचे बंध तोडणारी रसायनं) घेऊन नमुना पुन्हा उकळा, बहुतेक वेळा तो मावळतो. न मावळल्यास वरच्या दोन पट्ट्यांवर शोधा. जेल १५ टक्क्यांचं ठेवा, मेम्ब्रेन ०.४५ ऐवजी ०.२ मायक्रॉनची घ्या आणि ट्रान्सफर रात्रभर चालवू नका. १६ किलोडाल्टनचं प्रथिन मेम्ब्रेन ओलांडून पलीकडे निघून जातं, आणि मग आपण अँटिबॉडीला दोष देत बसतो.

मग घ्यायची कोणती? के५६२ वर काम करायचं असेल तर गॅमाची मोनोक्लोनल (एकाच प्रकारची) अँटिबॉडी घ्या. ५१-७ हा उंदराचा क्लोन गॅमासाठी आणि ३७-८ हा बीटासाठी बऱ्याच शोधनिबंधांत वापरलेला दिसतो. पण क्लोनचं नाव ओळखीचं आहे म्हणून दोन नळ्यांची परीक्षा टाळू नका. प्रश्न खरोखर बीटाचाच असेल, तर बदल अँटिबॉडीत नको, पेशींत हवा. हुडेप-२ ही नाळेच्या रक्तातून बनवलेली जपानी सेल लाइन प्रामुख्याने बीटा बनवते, तिचं वर्णन २०१३ साली आलं. ती जोपासायला नाजूक आणि खर्चिक आहे, हे आधीच सांगून ठेवते. कोणतीही अँटिबॉडी निवडलीत तरी निष्कर्षाला एक स्वतंत्र साक्षीदार द्या: आरटी-पीसीआरवर गॅमा आणि बीटाचे आरएनए संदेश, किंवा कुठल्या मित्राच्या लॅबमध्ये एचपीएलसी.

तुम्ही नागपूरचे आहात आणि पुढे सिकल सेलच्या नमुन्यांवर जायचं म्हणता, म्हणून एवढं आणखी. तिथे गॅमाला फार मोल आहे. आपल्याकडच्या सिकल रुग्णांमध्ये बहुतेक अरब-इंडियन हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणारा जनुकीय बदलांचा संच) आढळतो आणि त्यांच्यात फीटल हिमोग्लोबिन आफ्रिकेतल्या बऱ्याच रुग्णांपेक्षा जास्त असतं. हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा फायदाही मुख्यतः तेच वाढवून होतो, आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला क्रिस्पर (जनुक-बदलाचा) उपचार बीसीएल११ए या गॅमाला दाबून ठेवणाऱ्या प्रथिनाचा लगाम सैल करून तेच साधतो. अशा नमुन्यांत ब्लॉट अपुरा पडतो, कारण तो सगळ्या पेशींची सरासरी देतो. फीटल हिमोग्लोबिन थोड्याच पेशींत साठलंय की सगळ्यांत वाटलं गेलंय, यावर पेशी विळ्यासारखी वाकणार की नाही हे ठरतं. ते पाहायला गॅमाची फ्लुओरोक्रोम (चमकणारा रंग) जोडलेली अँटिबॉडी आणि एकेक पेशी मोजणारी फ्लो सायटोमेट्री हवी. पेशी आधी फिक्स करा आणि मगच डिटर्जंटने भोकं पाडा. क्रम चुकला तर हिमोग्लोबिन सगळं बाहेर वाहून जातं आणि ट्यूबमध्ये रिकामी टरफलं उरतात. फिक्स केलेल्या तांबड्या पेशी स्वतःही चमकतात, म्हणून प्रौढ रक्ताची आणि आयसोटाइपची (गॅमा न ओळखणाऱ्या तशाच अँटिबॉडीची) ट्यूब दर वेळी सोबत चालवा.

गॅमाची अँटिबॉडी हातात आली की नाळ, प्रौढ, हेमिन दिलेल्या आणि न दिलेल्या के५६२ अशा चार लेनचा ब्लॉट इथेच टाका, मी नक्की पाहीन. फक्त प्रत्येक लेनखाली किती नॅनोग्रॅम घातलं तेवढं लिहा.