‘दर्जेदार’ आणि ‘हस्तनिर्मित’ सगळेच लिहितात, तू काय लिहिशील?

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हाताने बांधलेल्या वह्या ऑनलाइन विकते. सुरुवातीला ओळखीच्यांनी घेतल्या, आता ऑर्डर जेमतेम येतात. लोक पेजवर येतात, बघतात आणि निघून जातात. अशाच वह्या विकणारे शेकडो जण आहेत. बाबा म्हणतात, किंमत कमी कर. पण मी प्रत्येक गठ्ठ्यातला कागद फाउंटन पेनने लिहून तपासते आणि शाई मागे उतरली तर तो गठ्ठा वापरत नाही, त्यामुळे कमी किंमत परवडत नाही. माझी यूएसपी कशी शोधू? की हे सगळं सोडून नोकरी बघू?

उत्तर : पत्रासोबत तू पेजवरचा मजकूरही पाठवलास, ते फार बरं केलंस. ‘सुंदर, हस्तनिर्मित, दर्जेदार, प्रेमाने बनवलेल्या वह्या.’ हे वाचलं आणि मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. कागद तपासण्याचा जो उल्लेख तू कमी किंमत का परवडत नाही हे सांगताना केलास, त्याबद्दल पेजवर एक अक्षरही नाही! तू शोधतेयस ती गोष्ट तुझ्याकडे आहे, फक्त गिऱ्हाइकाला ती कुणी सांगितलेली नाही.

यूएसपी म्हणजे युनिक सेलिंग प्रपोझिशन, गिऱ्हाइकाने तुझ्याचकडून घ्यावं असं वेगळं कारण. ही कल्पना मांडली अमेरिकेतल्या टेड बेट्स या जाहिरात संस्थेतल्या रॉसर रीव्हज यांनी. १९६१ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात तिच्या तीन अटी आहेत. हे घेतलंस तर तुला अमुक फायदा मिळेल, असं जाहिरातीने स्पष्ट सांगायला हवं. तो फायदा स्पर्धक देऊ शकत नसावा, किंवा निदान देत असल्याचं सांगत नसावा. आणि तो इतका जोरकस हवा, की त्यासाठी नवे लोक तुमच्याकडे वळावेत. एम अँड एम्स या चॉकलेटच्या गोळ्या तोंडात विरघळतात, हातात नाही, ही १९५० च्या दशकातली जाहिरात रीव्हज यांचीच. साखरेच्या कवचाबद्दल कौतुकाचे शब्द न वापरता, हात बरबटणार नाहीत एवढंच सांगितलं.

आता तुझी चार विशेषणं या अटींवर घासून बघ. ‘सुंदर’मुळे फायदा काय ते कळत नाही. ‘हस्तनिर्मित’ शेकडो जण लिहितात. ‘दर्जेदार’ नाही असं कुणीच स्वतःबद्दल म्हणणार नाही. याउलट ‘फाउंटन पेनने लिहा, शाई मागच्या पानावर उतरणार नाही’ हे वाक्य तिन्ही अटींना उतरतं. ज्यांना फाउंटन पेनने लिहायची आवड आहे, ते याच त्रासाने वैतागलेले असतात. जाड कागद घेतला म्हणजे शाई मागे उतरणार नाही असं नाही, आणि पातळ घेतला म्हणजे उतरेलच असंही नाही. कागद किती जीएसएमचा आहे, म्हणजे त्याच्या एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम आहे, यापेक्षा त्याचं सायझिंग कसं झालंय, म्हणजे शाई शोषली जाऊ नये म्हणून त्यावर कोणती प्रक्रिया केली आहे, यावर बरंच अवलंबून असतं. हे नुसतं बघून कळत नाही. लिहूनच बघावं लागतं, आणि ते काम तू गिऱ्हाइकाच्या वतीने करतेयस.

ऑनलाइन धंद्यात ही बाजू फार महत्त्वाची आहे, म्हणून जरा थांबून सांगते. दुकानात माणूस वस्तू हातात घेतो, उलटसुलट करतो. स्क्रीनवर ते जमत नाही, त्यामुळे ‘घेतलं आणि फसलो तर?’ ही शंका पैसे देईपर्यंत त्याच्या मनात असते. १९९९ साली सुरू झालेल्या झॅपॉसला ऑनलाइन बूट विकायचे होते, आणि बूट पायात घालून बघितल्याशिवाय कोण घेणार? त्यांनी पाठवण्याचा आणि परत घेण्याचा दोन्ही खर्च स्वतः उचलला आणि परत करायला ३६५ दिवस दिले. चष्मे विकणाऱ्या वॉर्बी पार्करने २०१० मध्ये पाच फ्रेम पाच दिवस घरी वापरून बघायला फुकट पाठवण्याची सोय काढली. बूट आणि चष्मे दुसरीकडेही मिळत होते. या दोघांनी गिऱ्हाइकाची नेमकी शंका हेरली आणि ती दूर करण्याचा खर्च आपल्या अंगावर घेतला. ऑनलाइन वेगळेपण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

तुझ्या गिऱ्हाइकाची शंका शाईची आहे. म्हणून पेजवरचा पहिला फोटो मुखपृष्ठाचा नको. दोन फोटो शेजारी ठेव : एकात शाईने भरलेलं पान, दुसऱ्यात त्याच पानाची मागची कोरी बाजू. कोणतं पेन, कोणती शाई, निब केवढं, हे खाली लिही. लिहून लगेच पान उलटतानाचा छोटा व्हिडिओ त्याहून उत्तम. ‘दर्जेदार’ या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही, पण कोरी पाठ डोळ्यांना दिसते.

तू म्हणशील, मग बॉलपेनने लिहिणारे जातील. काही जातील, जाऊ देत. ‘वही’ शोधणाऱ्यासमोर हजारो वह्या येतात, त्यात तू कुठे दिसणार? ‘फाउंटन पेनसाठी वही’ असं शोधणारे थोडे असतात, पण ते घ्यायच्या तयारीने आलेले असतात आणि तिथे गर्दीही कमी असते.

बाबांचा सल्ला काळजीपोटी आहे, पण किंमत कमी करण्याच्या मी विरोधात आहे. किंमत तुझ्यापेक्षा मोठा विक्रेता एका दिवसात आणखी खाली आणू शकतो. शिवाय ती कमी केलीस तर पहिली काटछाट कागद तपासण्याच्या वेळेत होईल, म्हणजे जे वेगळं आहे तेच जाईल.

एक इशारा मात्र देते. शब्द देण्याआधी तो निभावता येईल का, याचा हिशेब कर. डॉमिनोजची तीस मिनिटांत पिझ्झा पोहोचवण्याची हमी प्रचंड गाजली, पण त्या घाईत अपघात होतात असे आरोप आणि खटले झाले आणि अमेरिकेत ती १९९३ मध्ये मागे घेतली गेली. ‘कुठल्याही शाईला चालेल’ असं लिहू नकोस. ज्या शायांवर कागद तपासलास त्यांचीच नावं दे. ‘शाई उतरली तर वही बदलून देऊ’ असं म्हणणार असशील, तर महिन्याला किती वह्या बदलून देणं झेपेल ते आधी मांडून बघ.

नोकरीचं म्हणशील तर आत्ताच एकाची निवड करायची गरज नाही. पदवी पूर्ण कर, आणि तोवर पेज नव्या मजकुरासह चालव. दर आठवड्याला किती जण आले, त्यातल्या किती जणांनी वही घेतली याची नोंद ठेव. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. तुझ्याकडे येणारे थोडे असल्याने नुसत्या आकड्यांवर विसंबू नकोस. ज्यांनी वही घेतली त्यांना विचार, ‘घेण्याआधी कशामुळे थांबला होतात?’ त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेव, पुढचा मजकूर त्यातून मिळेल.

पदवीनंतरही विक्री वाढली नाही, तर ब्रँड मॅनेजमेंट, कॉपीरायटिंग, ई-कॉमर्स किंवा ग्राहक संशोधनातल्या नोकरीसाठी अर्ज कर. त्यासोबत जुना मजकूर, नवा मजकूर, नोंदींचा तक्ता आणि गिऱ्हाइकांची उत्तरं जोड. नवशिक्या उमेदवाराकडे स्वतः केलेलं असं काम क्वचितच असतं.