वजन कमी करताना कोणते अनपेक्षित खर्च येतात?

तुमचा प्रश्न असा, की पंधरा किलो वजन उतरवायचं ठरवलंय, जिमची फी आणि डाएटिशियनचे पैसे बाजूला काढलेत, तर आणखी कुठे खिसा हलका होईल? मी पुण्यात राहते, चाळिशी ओलांडली आहे आणि साधारण तेवढंच वजन उतरवलंय. पुरुष असाल तर खाली ब्लाउजच्या जागी पॅन्ट वाचा.

जिमचं आधी उरकते, कारण तो खर्च समोर दिसतो. सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. बिलात जुना दर लावलेला नाही ना, एवढं बघून घ्या.

खरा फटका कपड्यांचा. साडी कितीही बारीक झालात तरी नेसता येते, ब्लाउज दगा देतो. सुरुवातीला टेलर बाजूच्या शिवणी आत घेऊन भागवतो. पण पुढे खांदा उतरायला लागतो, मुंढा ढगळ होतो आणि ते बाजूला टीप मारून सुधारत नाही. अख्खा ब्लाउज उसवावा लागतो. त्यात अस्तर असेल, बाहीला साडीचाच काठ लावलेला असेल, तर टेलर तो उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, ‘ताई, यापेक्षा नवाच शिवा.’ नवा शिवायला साडीतलं कापड कुठून आणणार? मग लक्ष्मी रोडवर पैठणीच्या रंगाशी जुळणारं कापड शोधत फिरा. कापड, अस्तर, शिलाई असं गुणिले कपाटातल्या साड्या करून बघा, म्हणजे वर्षाची जिमची फी किरकोळ वाटेल. पॅन्टचंही तेच. कंबर दोनेक इंचांपेक्षा जास्त आत घेतली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना खेटतात.

म्हणून वजन उतरत असताना काहीही अल्टर करू नका. मधले महिने दोन-चार कुर्ते आणि नाडीच्या सलवारींवर काढा, काटा दोन-तीन महिने एका जागी थांबला की मगच टेलरकडे जा. आतले कपडे मात्र थांबत नाहीत, ते मधेच बदलावे लागतात. बरी स्पोर्ट्स ब्रा स्वस्त नसते आणि तिथे काटकसर करू नये.

दागिन्यांचा विचार कुणीच करत नाही. अंगठी लहान करून देणं सोनाराला अवघड नाही. काचेच्या बांगड्या दोन-आठच्या जागी दोन-सहाच्या घेतल्या की झालं. पण सोन्याच्या पाटल्या हातातून घसरायला लागल्या तर त्या मोडून नव्याने घडवायच्या, म्हणजे घट आली, मजुरी आली, वर जीएसटी. मी माझ्या अजून केलेल्या नाहीत. डब्यात पडून आहेत आणि सासूबाई दर सणाला त्यांची चौकशी करतात.

बाहेरचं खाणं बंद झाल्याने पैसे वाचतील असं तुम्ही मनात धरलं असेल. वाचतात, पण किराण्यात जातात. पोळी-भात कमी करून प्रथिनं वाढवायची, तर एका अंड्यात ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम गाठायचे म्हटल्यावर वाण्याचं बिल फुगणारच. फुटाणे, मटकीची उसळ आणि घरचं दही यांवर बरंच निभतं. ज्या घरात अंडं चालत नाही तिथे वेगळा तवाही येतो, हेही लिहून ठेवा.

आता तपासण्या. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवायची पद्धत फुकट आहे, पण तेही आधी एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासायला सांगतात. शाकाहारी असाल तर बी१२ सुद्धा बघा. बीपी किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरल्यावर डोस कमी करावा लागू शकतो, म्हणजे डॉक्टरांच्या जास्तीच्या फेऱ्या धरा. फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते आणि तो खर्च हजारांत मावत नाही. दोन-तीन महिन्यांनी केसही गळतात. बहुतेकदा ते आपोआप परत येतात, पण तोवर बायका महागडी तेलं आणि सीरम घेऊन मोकळ्या होतात.

बूट धावण्याचेच घ्या. ते ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात असं धरलं आणि रोज पाच किलोमीटर चाललात, तर तीन ते पाच महिन्यांत नवा जोड आला.

आणि सगळ्यात मोठा खर्च फिट झाल्यानंतरचा. आधी पर्वती चढून धाप लागत नाही म्हणून आनंद होतो, मग सिंहगड, मग ‘सातारा हिल हाफ मॅरेथॉन’ची नावनोंदणी, आदल्या रात्री तिथला मुक्काम, मग मनगटावरचं घड्याळ. आमच्याकडे नवऱ्याला सायकलचं वेड लागलं. सायकलची किंमत सांगताना त्याने हेल्मेट, दिवे, पंप आणि पॅडिंगची चड्डी मोजलीच नव्हती. सायकल हॉलमध्ये उभी असते, कारण ती पार्किंगमध्ये ठेवायला त्याचा जीव होत नाही. तुमच्या बजेटमध्ये हा रकाना आत्ताच काढून ठेवा आणि त्यात आकडा पेन्सिलने लिहा.