वाचकांचे प्रश्न : वर्दी नसलेल्या वैमानिक

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात प्रशिक्षणाच्या उड्डाणात मरण पावलेल्या अमेरिकी महिला वैमानिकांना सैनिकाचा दर्जा नाकारण्यात आला, असे वाचनात आले. हे खरे आहे का? मेबल रॉलिन्सन यांच्या अपघाताविषयीही माहिती द्यावी.
– एक वाचक, सांगली

उत्तर : होय, हे खरे आहे. ‘वास्प’ (विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वैमानिक लष्कराची विमाने चालवत, लष्कराच्याच तळांवर राहत आणि तिथलीच शिस्त पाळत. मात्र सरकारदरबारी त्यांची नोंद मुलकी कर्मचारी अशी होती. प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या 1,074 जणी होत्या. शिकताना किंवा कामगिरीवर असताना एकूण 38 जणींचा मृत्यू झाला.

रॉलिन्सन त्यांपैकीच एक. नॉर्थ कॅरोलायनातील कॅम्प डेव्हिस या तळावर विमानवेधी तोफांच्या गोलंदाजांना नेमबाजीचा सराव देण्यासाठी विमानामागे कापडी लक्ष्य बांधून ते आकाशात ओढत न्यावे लागे, आणि या कामासाठी आघाडीवर वापरून जीर्ण झालेली विमाने देण्यात आली होती. 23 ऑगस्ट 1943 च्या रात्री रॉलिन्सन प्रशिक्षकासह ए-24 या बाँबफेकी विमानातून सरावाचे उड्डाण करीत होत्या. परतताना इंजिनाने दगा दिला, विमान धावपट्टीजवळच्या झाडांवर आदळून दुभंगले आणि मागच्या आसनावरील प्रशिक्षक बाहेर फेकले गेल्यामुळे बचावले. पुढचा भाग पेटला होता. रॉलिन्सन तिथेच अडकल्या. त्यांच्या आसनावरील झाकणाची कडी आतून उघडली नाही, असे मानले जाते. भोंगा ऐकून जेवणघरातून धावत आलेल्या सहकारी मैत्रिणींना त्यांच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या, पण जवळ जाता येत नव्हते. त्या वेळी त्यांचे वय 26 होते.

मुलकी नोंदीचा अर्थ खरा उघड होई तो अशा मृत्यूनंतर. शवपेटीवर राष्ट्रध्वज घालण्याचा हक्क नाही, लष्करी इतमामात अंत्यसंस्कार नाहीत, आणि पार्थिव घरी पाठवण्याचा खर्चही लष्कराकडून नाही. तो अनेकदा सहकारी वैमानिकांनीच वर्गणी काढून भागवला. जीर्ण विमानात बसवताना ज्यांना मुलकी म्हणून वगळले नाही, त्यांना मृत्यूनंतर मात्र त्याच नोंदीवर बोट ठेवून बाजूला सारले, हे आमच्या मते कायद्याच्या अक्षराआड लपणे होते. त्यांना लष्करात सामावून घेण्याचे विधेयक 1944 मध्ये अमेरिकी काँग्रेसने फेटाळले आणि त्याच वर्षी 20 डिसेंबरला हे दलच विसर्जित झाले.

माजी सैनिकाचा दर्जा देणारा कायदा 1977 मध्ये झाला, तर काँग्रेसचे सुवर्णपदक 2010 मध्ये मिळाले. तरीही सैनिकांसाठीच्या आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यांच्या अस्थी ठेवण्यास 2015 मध्ये लष्करखात्याने पुन्हा मनाई केली. एलेन हार्मन या दिवंगत वैमानिकेच्या कुटुंबीयांनी या मनाईविरुद्ध मोहीम चालवली, आणि 2016 मध्ये स्वतंत्र कायदा होऊन ती मनाई उठली.