ब्रिटनच्या लेबर पक्षात 2007 साली नेतेपदासाठी गॉर्डन ब्राउन यांच्याविरुद्ध कोणी उभंच नव्हतं, तर डावे कार्यकर्ते एवढे नाराज का झाले?

कोणी उभं नव्हतं असं नाही. डावे खासदार जॉन मॅकडोनेल उभे होते, पण मतदानापर्यंत पोचलेच नाहीत. आमच्या सोलापूर जिल्ह्यात सोसायटी-कारखान्याच्या निवडणुका ज्यानं जवळून पाहिल्यात त्याला हे चटकन कळेल. इथं 'बिनविरोध' हा शब्द डिजिटल फलकावर अभिनंदनासाठी छापतात आणि चहाच्या गाड्यावर तोच हसत हसत उच्चारतात. सूचक-अनुमोदकच हाती लागू दिला नाही की उमेदवार आपोआप कमी होतात.

लेबरचा तेव्हाचा नियम असा होता की उमेदवाराला पक्षाच्या साडेबारा टक्के खासदारांचा पाठिंबा हवा, म्हणजे 45 जणांचा. मॅकडोनेल 29 वर अडकले. ब्राउन यांच्यामागे 313 जण होते. माझ्या मते सगळी गोष्ट या आकड्यात आहे. गरज 45 ची, मग वरचे 268 कशासाठी? पुढचं मंत्रिमंडळ कोण बनवणार हे प्रत्येक खासदाराला ठाऊक होतं, एवढंच म्हणतो.

नेता निवडायला तिथं तीन हिस्से होते: एक तृतीयांश वजन खासदारांच्या मताला, एक साध्या सभासदांच्या आणि एक संलग्न कामगार संघटनांच्या. म्हणजे सभासद आणि कामगार मिळून दोन तृतीयांश. पण ही मतं कधी पडलीच नाहीत. तेव्हाचे पंतप्रधान आणि पक्षनेते टोनी ब्लेअर यांनी 10 मे रोजी जाण्याची तारीख सांगितली आणि आठवडाभरात निकाल लागला. इराक युद्धापासून, म्हणजे 2003 पासून, जे लोक 'ब्लेअर गेले की बघू' म्हणत पावती फाडत होते त्यांची बघायची वेळ आली आणि गेली. मॅकडोनेल जिंकले असते असं मला अजिबात वाटत नाही. डाव्यांचीही चूक होतीच. दुसरे डावे खासदार मायकेल मीचर आणि मॅकडोनेल या दोघांपैकी कोणी लढायचं हे 14 मेपर्यंत ठरत नव्हतं. पण पडलेल्या माणसाला निदान आपली मतं किती ते कळतं. इथं तेही कळलं नाही.

त्याच वेळी उपनेतेपदाची निवडणूक झाली, तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. सहा उमेदवार होते. पहिल्या फेरीत सगळ्यात पुढे होते जॉन क्रुडस, मंत्री नसलेले, स्थानिक शाखा आणि सरकारी घरं यांवर बोलणारे. शेवटी हॅरिएट हरमन एक टक्क्याहूनही कमी फरकानं निवडून आल्या. मत द्यायला जागा मिळाली की लोक काय करतात ते यात दिसतं. 2015 साली ते पुन्हा दिसलं. तेव्हा नेतेपदासाठी खासदारांची 35 नामांकनं लागत होती, डावे खासदार जेरेमी कॉर्बिन यांना 36 मिळाली. त्यातली काही तर 'चर्चा तरी होऊ दे' म्हणून दिलेली. मतपत्रिका हाती आल्यावर त्यांना 59.5 टक्के मतं पडली. 2021 मध्ये पक्षानं ही अट वाढवून 20 टक्क्यांवर नेली, हेही ओघानं आलंच.

आता आपल्याकडचं. एप्रिल 2025 मध्ये मदुराईला माकपचं अधिवेशन झालं. केंद्रीय समितीची यादी वरून आली, तिच्याविरुद्ध पक्षाच्याच कामगार संघटनेचे, महाराष्ट्र सिटूचे डी. एल. कराड उभे राहिले. मतं पडली 31. हरले. पण इथं आमच्या कट्ट्यावर कितीतरी दिवस त्या 31 वरच बोलणं चाललं होतं, नव्या सरचिटणीसांवर कमी. आकडा लहान, पण मोजलेला.

हे सगळं मला एवढं का लागतं? आम्ही सोलापूरच्या पूर्वभागातले, घरात तेलुगू. आई विड्या वळायची. तिच्या युनियनचं नाव सांगत नाही, पण एकदा तिथले जुने अध्यक्ष निवृत्त झाले. मी शाळेत होतो, तिच्यासोबत सभेला गेलो. व्यासपीठावरून नवं नाव वाचलं, टाळ्या झाल्या, 'एकमतानं' असं माईकवर सांगितलं आणि लगेच चहा आला. नवा माणूस वाईट नव्हता. आईला तो आवडायचासुद्धा. तरी परत येताना कन्ना चौकात थांबून तिनं मला विचारलं, "आपण हात वर केलाच नाही, मग ह्याला निवडलं कुणी?" मला सांगता आलं नाही. तीच पुढे म्हणाली, कारखान्यात खराब म्हणून विड्या छाटतात, पण आपल्या समोर छाटतात, किती गेल्या ते कळतं.

वर्गणी तिनं शेवटपर्यंत भरली. मोर्च्यालाही जायची, पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या. सभेला मात्र पुन्हा गेली नाही. कोणी बोलवायला आलं की सूप मांडीवर ओढून म्हणायची, "हजार पुऱ्या व्हायच्यात अजून."